अंगणातील महाराष्ट्र

मुंबईतील परळ हा आज दाट वस्तीचा भाग आहे. उंच इमारती, मोठी रुग्णालये, पूल आणि आगगाडीची स्थानके यांनी तो गजबजून गेला आहे. परंतु एके काळी परळ हे समुद्राने वेढलेले एक बेट होते. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटे. मधल्या खाड्या बुजवून ती हळूहळू जोडण्यात आली आणि आजचे शहर आकारास आले.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्यासाठी कंपनी स्थापन केली. त्यानंतर गिरण्यांची संख्या वाढत गेली. परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी या भागांत धुराडी उभी राहिली आणि या साऱ्या परिसराला लोक गिरणगाव म्हणू लागले. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून माणसे कामाच्या शोधात येथे आली. चाळीतील एकेका खोलीत दहा-बारा जण राहत. खानावळीत जेवत आणि महिनाअखेर गावाकडे मनीऑर्डर पाठवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. पुढील वर्षांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. धुराडी थंडावली, परंतु माणसे येथेच राहिली. त्यांची नातवंडे आणि पतवंडे आज येथील शाळांतून शिकत आहेत. अशाच एका शाळेतील सातवीच्या वर्गाची ही गोष्ट आहे.

त्या वर्गात भूगोलाच्या तासाला महाराष्ट्राचा धडा चालू होता. मुलांनी तो चांगला पाठ केला होता. महाराष्ट्राचे जिल्हे किती, असे बाईंनी विचारताच साऱ्यांनी एका सुरात ‘छत्तीस’ असे उत्तर दिले. सर्वांत उंच शिखर कोणते, असे विचारताच ‘कळसूबाई’ हे नाव तितक्याच त्वरेने आले.

मग बाईंनी विचारले, “कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे किती?”

वर्गात शांतता पसरली. आकडा सर्वांना ठाऊक होता. पण तो केवढा हे कोणासही सांगता येईना.

बाई हसून म्हणाल्या, “आपण महाराष्ट्र पाठ केला, आता तो तयार करू या. शाळेचे अंगण मोठे आहे. तेथे आपण नकाशा काढू. प्रत्येकाने घरी जाऊन वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्या : आपले मूळ गाव कोणते, तेथे काय पिकते किंवा काय बनते, आणि आपले घराणे मुंबईस का आले. शक्य असेल त्याने गावाकडची मूठभर माती किंवा एखादी वस्तू आणावी. मात्र एक अट आहे. जो कोणी ‘काय’ सांगेल, त्याने ‘का’ हेही शोधले पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर काम सुरू झाले. महाराष्ट्राचा विस्तार पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे ७०० किलोमीटर आहे. शंभर किलोमीटरला एक मीटर असे प्रमाण ठरले. मुलांनी सुतळीने आठ मीटर लांब आणि सात मीटर रुंद अशी चौकट आखली आणि तिच्यात एक-एक मीटरचे चौरस पाडले. पुस्तकातील नकाशावरही तितकेच चौरस आखले. मग एकेका चौरसातील रेषा पाहून ती जमिनीवर फक्कीने उतरवली. सायंकाळपर्यंत राज्याची सीमा पूर्ण झाली.

लागलीच एका मुलाने नकाशाच्या वरच्या भागात, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या सीमेजवळ, मातीचा गुडघाभर उंच ढीग केला. तो म्हणाला, “हे कळसूबाई!”

बाईंनी त्याला आपल्या प्रमाणाने हिशेब करावयास सांगितले. शंभर किलोमीटरला एक मीटर, म्हणजे एक किलोमीटरला एक सेंटिमीटर. १,६४६ मीटर म्हणजे दीड किलोमीटरहून थोडे अधिक. त्या मुलाने पट्टी जमिनीला लावून पाहिली आणि तो थक्कच झाला. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर त्या नकाशावर दोन सेंटिमीटरही भरत नव्हते! बोटाच्या पेराएवढा उंचवटा पुरेसा होता. परळपासून लालबागपर्यंतचा भाग तर अंगठ्याच्या नखाखाली झाकून जात होता. राज्य किती विस्तीर्ण आहे, हे मुलांना त्या दिवशी प्रथमच कळले. केवळ डोंगर दिसावेत म्हणून सह्याद्री थोडा उंच करण्याची परवानगी बाईंनी दिली. पण शेजारी पाटी लावून तसे लिहावयास सांगितले. “नकाशाने खोटे बोलू नये,” असे त्या म्हणाल्या.

नंतर निळ्या दोऱ्याने नद्या आखण्याचे काम निघाले. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. एका मुलीने उगमापासून अरबी समुद्रापर्यंतचे अंतर मोजले. ते एक मीटरपेक्षाही कमी भरले. तिला नवल वाटले. ती म्हणाली, “समुद्र एवढा जवळ असून ही नदी उलट दिशेला का जाते? १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरालाच का मिळते?”

बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी एक फळी आणवली. तिची पश्चिमेकडील कडा दोन विटांवर ठेवून ती पूर्वेकडे किंचित उतरती केली आणि वरच्या कडेजवळ तांब्याभर पाणी ओतावयास सांगितले. पाणी संथपणे पूर्वेकडे वाहत गेले. कडेपलीकडे जे थेंब पडले, ते सरळ खाली कोसळले. मुलीने स्वतःच उत्तर दिले, “सह्याद्री पश्चिमेकडे तुटलेला आहे आणि पूर्वेकडे उतरता आहे. म्हणून पलीकडे पडलेले पाणी कोकणातील छोट्या नद्यांना मिळते आणि अलीकडचे लांबचा प्रवास करते.”

सह्याद्रीने आणखी एक कोडे उलगडले. वर्गातील दोन मुले सातारा जिल्ह्यातील होती. एकाचे गाव महाबळेश्वराजवळ, तर दुसऱ्याचे माण तालुक्यात. दोघांनी दोन बाटल्या आणल्या. पाचशे मिलिमीटर पावसाला एक सेंटिमीटर असे प्रमाण धरून त्यांत रंगीत पाणी भरले. महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून पहिली बाटली दहा सेंटिमीटरांच्या वर भरली. माणमध्ये सुमारे पाचशे मिलिमीटर पडतो. म्हणून दुसऱ्या बाटलीत केवळ एक सेंटिमीटर पाणी आले. पावसाळी वारे सह्याद्रीवर चढताना बहुतेक पाणी तेथेच टाकून देतात. पलीकडे पोहोचेपर्यंत ते रिकामे झालेले असतात. माणचा मुलगा बाटलीकडे पाहत म्हणाला, “माझे पणजोबा मुंबईस का आले, ते मला आता समजले. पावसाने फसवले की शेत पोसत नसे.”

हळूहळू नकाशा भरू लागला. राजापूरकडील मुलीने जांभ्याची तांबडी माती आणली. त्या मातीत लोह असते आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते गंजते, म्हणून तिला तांबडा रंग येतो, असे तिने शोधून काढले होते. यवतमाळहून आलेल्या मुलाने काळी माती आणि कापसाचे बोंड आणले. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचा खडक झाला. तो झिजून ही माती तयार झाली आणि ती ओलावा धरून ठेवते, म्हणून तिच्यात कापूस येतो. ज्या कापसावर परळच्या गिरण्या चालल्या, त्यातील बराचसा याच मातीतून येत असे. येवल्याच्या मुलीने पैठणीचा जीर्ण काठ ठेवला. डहाणूकडील मुलाने गेरूने सारवलेल्या पुठ्ठ्यावर तांदळाच्या पिठाने वारली चित्र काढले. बुलढाण्याच्या मुलाने लोणार येथे एक बशी पुरली आणि पाटीवर लिहिले : ‘हे सरोवर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झाले.’ शिवडीच्या कोळीवाड्यातील मुलाला मात्र लांब जावे लागले नाही. त्याने जाळ्याचा एक तुकडा मुंबईवर ठेवला आणि तो अभिमानाने म्हणाला, “तुम्ही सगळे येथे आलात. आम्ही येथेच होतो!” सारा वर्ग हसला; पण त्याचे म्हणणे खरे होते.

एका मुलीने मात्र हळूच सांगितले, “माझे गाव या नकाशात नाही.” तिचे पणजोबा विणकर होते आणि तेलंगणातील करीमनगरकडून गिरणीत कामाला आले होते. घरी तिची आजी तेलुगू बोलत असे. तिला वाटले, आपल्याला या खेळात जागा नाही. तेव्हा गोदावरी आखणारी मुलगी उठली. तिने निळा दोरा राज्याच्या सीमेवर थांबवला होता. तो तिने तसाच पुढे पूर्वेकडे नेला आणि म्हटले, “नदी कुठे थांबते? ती आमच्याकडून तुमच्याकडेच येते.” फक्कीच्या रेषेबाहेर एक दगड ठेवून तेथे करीमनगरचे नाव लिहिण्यात आले.

आता एकच मुलगा उरला होता. त्याने काहीच आणले नव्हते. दोन-तीन दिवस तो नुसता बाजूस उभा राहून पाहत असे. बाईंनी त्याला खोदून विचारले नाही. चौथ्या दिवशी त्याने दप्तरातून पितळेचे एक जुने मापटे काढले. तो म्हणाला, “आजोबांचे गाव कोयनेच्या काठी होते. धरण झाले तेव्हा ते पाण्याखाली गेले. माती कोठून आणू? हे मापटे तेवढे घरातून बरोबर आणले होते.”

मुलांना काय बोलावे ते सुचेना. मग बाईंनी कोयनेची हकीकत सांगितली. ही नदी महाबळेश्वराजवळ उगम पावते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. स्वातंत्र्यानंतर राज्याला विजेची मोठी गरज होती, म्हणून तिच्यावर १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. मागे शिवसागर हा सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय झाला. त्याचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे नेऊन शेकडो मीटर खाली सोडतात. तेथे पोफळी येथे भूगर्भातील वीजगृहात त्याच्या जोरावर यंत्रे फिरतात. १९६२ पासून तेथे वीज तयार होऊ लागली. परंतु जलाशयात अनेक गावे बुडाली. काही कुटुंबांना दूरच्या जिल्ह्यांत वसवण्यात आले, काहींनी मुंबईची वाट धरली. योग्य जमीन मिळावी म्हणून कित्येकांना पुढे अनेक दशके झगडावे लागले.

“म्हणजे या वर्गातील पंखा आजोबांच्या गावावरून आलेल्या विजेवर फिरतो?” मुलाने विचारले.

बाई थोडा विचार करून म्हणाल्या, “हाच पंखा त्याच विजेवर फिरतो, असे सांगता येणार नाही. अनेक ठिकाणची वीज राज्याच्या वाहिन्यांत एकत्र मिसळते. पण त्या प्रवाहात कोयनेचा वाटा आहे, हे मात्र निश्चित.”

मुलांनी चकचकीत कागदाची अर्ध्या मीटरची पट्टी कापली आणि कोयनेच्या जागी बसवली. पट्टीच्या काठावर ते मापटे ठेवले. तेथून पोफळीवरून मुंबईपर्यंत तांबडा दोरा आणला. मग कोणाच्या तरी लक्षात आले की, नळाचे पाणीही असेच दुरून येते. तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्याकडून आणखी दोरे आले. कापसाचा दोरा यवतमाळहून आला. पाहता पाहता मुंबईभोवती दोऱ्यांचे जाळे झाले. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेसाठी किती जणांनी काय काय दिले होते!

शेवटी कोळीवाड्यातील मुलाने विचारले, “बाई, ही बाहेरची रेषा कोणी काढली?”

त्याचे उत्तर मिळवण्यासाठी वर्ग एका सकाळी फोर्टमधील हुतात्मा चौकात गेला. १९५६ साली मुंबई, गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा मिळून एक मोठे द्विभाषिक राज्य करण्यात आले होते. मराठी भाषकांचे वेगळे राज्य असावे आणि मुंबई त्यात असावी, यासाठी त्याच्या आधीपासूनच चळवळ सुरू होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गिरगाव, परळ आणि लालबाग येथील चाळींनी ती चळवळ जागती ठेवली. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्यासारखे शाहीर तेथे डफ घेऊन उभे राहत. अण्णाभाऊ लहानपणी सांगली जिल्ह्यातील वाटेगावाहून आईवडिलांबरोबर पायी मुंबईस आले होते. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. हुतात्मा चौकातील स्मारकावर एक शेतकरी आणि एक कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत. ते पाहून माणचा मुलगा म्हणाला, “माझे पणजोबा हे दोन्ही होते.”

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मुलांचे आजी-आजोबा नकाशा पाहण्यास आले. प्रत्येक मूल आपल्या गावाजवळ उभे राहून माहिती सांगत होते. कोयनेकाठचे ते आजोबाही काठी टेकत आले. गाव सुटले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, म्हणजे जवळपास त्या मुलांच्याच वयाचे. पुढे त्यांनी परळच्या गिरणीत संप होईपर्यंत काम केले होते. चकचकीत पट्टीशी ते खाली बसले. कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग बोट टेकवून त्यांनी दाखवले, “येथे देऊळ होते. येथे आमचे भाताचे खाचर. आणि येथे, या वळणावर, शाळा.”

मुलाने खिशातून खडू काढला आणि तीन बारीक खुणा केल्या. दुसऱ्या मुलांनी विचारून विचारून आणखी खुणा केल्या : विहीर, पार, नदीवरचा उतार. कोणत्याही पुस्तकात नसलेले एक गाव त्या दिवशी सातवीच्या वर्गाने शिकून घेतले.

पुढच्या आठवड्यात खेळाच्या तासासाठी अंगण मोकळे करावे लागले. फक्की पुसली गेली आणि वस्तू घरोघर परत गेल्या. तथापि परीक्षेत महाराष्ट्राचा प्रश्न आला, तेव्हा एकाही मुलाला घोकंपट्टी करावी लागली नाही. कोयना म्हटली की त्यांना मापटे आठवे; माण म्हटले की बाटलीतील बोटभर पाणी दिसे; गोदावरी म्हटली की सीमेपलीकडे गेलेला निळा दोरा डोळ्यांपुढे येई. राज्य म्हणजे केवळ नकाशावरील रेषा नव्हे. त्या रेषेच्या आत आणि बाहेर माणसांनी एकमेकांना जे दिले आणि एकमेकांसाठी जे सोसले, त्याचीही माहिती असावी लागते. ती ज्याला असते, त्यालाच आपले राज्य खऱ्या अर्थाने ठाऊक असते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) परळ-लालबाग परिसराला गिरणगाव हे नाव का मिळाले?
(आ) गोदावरी नदी जवळच्या अरबी समुद्रास का मिळत नाही?
(इ) महाबळेश्वर आणि माण यांच्या पावसात एवढा फरक का आहे?
(ई) ‘नकाशाने खोटे बोलू नये,’ असे बाई का म्हणाल्या?

२. कारणे द्या.
(अ) करीमनगरचा दगड फक्कीच्या रेषेबाहेर ठेवण्यात आला.
(आ) ‘हाच पंखा त्याच विजेवर फिरतो,’ असे बाईंनी म्हटले नाही.

३. विचार करून सांगा.
कोयना धरणामुळे कोणाला काय मिळाले आणि कोणाला काय गमवावे लागले? ज्यांनी गमावले, त्यांच्याविषयी इतरांचे कर्तव्य कोणते?

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
घोकंपट्टी करणे, वाट धरणे, थक्क होणे, डोळ्यांपुढे येणे.

५. करून पाहा.
घरातील सर्वांत वडील व्यक्तीला त्यांच्या लहानपणच्या गावाविषयी विचारा. त्या सांगतील त्याप्रमाणे गावाचा नकाशा काढा आणि त्यावर घर, शाळा, पाणवठा आणि खेळण्याची जागा दाखवा.